ग्रुप मेडिक्लेममधील शस्त्रक्रियेची मंजुरी कंपनीच्या एचआरने थांबवली आहे, काय करावे?

गुणवत्ता_नाशिक (७ फेब्रुवारी)

सर्वांना नमस्कार. मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका खासगी कारखान्यात गुणवत्ता विभागात नऊ वर्षांपासून नोकरी करते. आमच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांचा पगार ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) २१,००० रुपयांच्या मर्यादेपेक्षा जास्त असल्यामुळे कंपनीने आमच्यासाठी ग्रुप मेडिक्लेम घेतलेला आहे. संपूर्ण कुटुंबाला मिळून तीन लाखांचे संरक्षण आहे. त्यातील १,१०,००० रुपये ऑगस्टमध्ये मिस्टरांच्या मूतखड्याच्या शस्त्रक्रियेला गेले, म्हणजे १,९०,००० रुपये शिल्लक आहेत.

गेले आठ महिने मला पाळीच्या वेळी अतिशय रक्तस्राव होत आहे. सोनोग्राफीत गर्भाशयात तीन गाठी निघाल्या आणि त्यातील मोठी साडेआठ सेंटिमीटरची आहे. सहा महिने हार्मोनच्या गोळ्या घेऊन पाहिल्या, तरीही डिसेंबरात हिमोग्लोबिन ७.८ पर्यंत उतरले आणि जिन्याचा एक मजला चढतानाही मला मध्येच थांबावे लागू लागले. दोन वेगवेगळ्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी पिशवी काढण्याचाच सल्ला दिला. शिरेतून लोहाची इंजेक्शने देऊन हिमोग्लोबिन दहाच्या वर आणले आहे आणि शस्त्रक्रियेसाठी १८ फेब्रुवारी ही तारीख ठरली आहे. रुग्णालयाने १,७२,००० रुपयांचा अंदाज दिला आहे.

परवा रुग्णालयाच्या विमा कक्षातून टीपीएकडे (विमा कंपनीच्या वतीने क्लेमचे काम पाहणाऱ्या संस्थेकडे) कॅशलेससाठी, म्हणजे बिल परस्पर विमा कंपनीने भरावे यासाठी, प्री-ऑथचा (आगाऊ मंजुरीचा) अर्ज गेला. दुसऱ्याच दिवशी एचआर व्यवस्थापकांनी मला बोलावून सांगितले की पॉलिसीचे नूतनीकरण १ एप्रिलला आहे, यंदा क्लेम रेशो (भरलेल्या प्रीमियमच्या तुलनेत क्लेमचे प्रमाण) फार वर गेला आहे, त्यामुळे शस्त्रक्रिया एप्रिलनंतर करावी आणि त्याआधी कंपनीच्या डॉक्टरांना सर्व रिपोर्ट दाखवून त्यांचे मत घ्यावे. हे बोलणे केबिनमध्ये झाले असते तरी एक वेळ चालले असते, पण ते झाले आमच्या मोठ्या हॉलमध्ये, चौघांच्या देखत: "पिशवीचं ऑपरेशन म्हणजे काही इमर्जन्सी नसते मॅडम, माझ्या वहिनीने तीन वर्षं काढली." मी काहीही न बोलता जागेवर येऊन बसले. संध्याकाळी रुग्णालयाच्या विमा कक्षातील मुलीने संगणकाचा पडदा वळवून मला दाखवला, तेव्हा माझ्या अर्जासमोर "कॉर्पोरेट कन्फर्मेशन प्रलंबित" असा शेरा दिसला. कंपनीने कळवेपर्यंत फाइल पुढे सरकणार नाही, असे टीपीएने तिला फोनवर सांगितले आहे.

प्रीमियम कंपनी भरते हे मला मान्य आहे. पण म्हणून शस्त्रक्रिया केव्हा करायची हे ठरवण्याचा अधिकार त्यांना मिळतो का? मी थेट विमा कंपनीशी बोलू शकते का? उसनवारी करून बिल भरले आणि नंतर पैसे मागितले, तर तो क्लेमही ते अडवू शकतील का? माझे रिपोर्ट त्यांना देणे बंधनकारक आहे का? नोकरी सांभाळून हे सगळे करायचे आहे, हेही लक्षात घेऊन सांगावे ही विनंती.

क्लेमडेस्क_पुणे (७ फेब्रुवारी)

ताई, मी अकरा वर्षे टीपीएत काढली आणि आता पुण्यातील एका रुग्णालयाच्या विमा कक्षात आहे, त्यामुळे हा शेरा मी पुष्कळदा पाहिलेला आहे. त्याचे अर्थ दोन होतात आणि आपल्या बाबतीत कोणता लागू आहे ते आधी शोधावे लागेल.

पहिला अर्थ सरळ आहे. एखादा कर्मचारी नवा असतो, लग्नानंतर पत्नीचे नाव घालायचे राहिलेले असते किंवा नोकरी सोडून गेलेल्याचे नाव यादीतून काढलेले नसते. अशा वेळी हा माणूस आजच्या तारखेला सभासद आहे का, एवढीच विचारणा टीपीए कंपनीला करते. ही विचारणा रास्त आहे. पण आपण नऊ वर्षे नोकरीत आहात, आपल्याकडे ई-कार्ड आहे आणि याच पॉलिसीतून सहा महिन्यांपूर्वी मिस्टरांचा क्लेम मंजूर झालेला आहे, म्हणजे सभासदत्वाचा प्रश्न इथे उद्भवत नाही.

दुसरा अर्थ कॉर्पोरेट बफरचा आहे. कुटुंबाची रक्कम संपली की वापरण्यासाठी कंपन्या एक वेगळा सामाईक निधी पॉलिसीत ठेवतात, आणि त्यातून पैसे सोडायचे असतील तर मात्र मालकाची लेखी संमती खरोखरच लागते. तिथे एचआरचा होकार-नकार चालतो. आपला अंदाज १,७२,००० आणि शिल्लक १,९०,००० असल्यामुळे आपण बफरला हातही लावत नाही आहात.

हे दोन्ही वगळले तर उरतो तो निव्वळ फोन. एचआरने टीपीएच्या रिलेशनशिप मॅनेजरला "आमच्याकडून कळवेपर्यंत थांबवा" असे सांगितले असणार आणि मोठे खाते हातचे जाऊ नये म्हणून त्याने ते ऐकले असणार. कागदावर याला कसलाही आधार नाही. प्री-ऑथचा छापील अर्ज एकदा नीट पाहा: त्यात कंपनीचे नाव आणि कर्मचारी क्रमांक यांसाठी रकाने आहेत, रुग्णाची सही आहे, उपचार करणाऱ्या डॉक्टरांची सही आहे, रुग्णालयाचा शिक्का आहे. मालकाच्या सहीसाठी जागाच ठेवलेली नाही.

विमा नियामक प्राधिकरणाच्या २९ मे २०२४ च्या मास्टर परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर तातडीने, उशिरात उशिरा एका तासात, निर्णय द्यायचा असतो आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. त्याच परिपत्रकाप्रमाणे विमा कंपनीच्या क्लेम पुनरावलोकन समितीच्या मान्यतेवाचून क्लेम नाकारता येत नाही आणि नाकारला तर पॉलिसीतील नेमके कलम सांगावे लागते. टीपीए हे केवळ कामकाज पाहणारे मध्यस्थ आहेत. नकाराचा निर्णय विमा कंपनीनेच घ्यायचा असतो. आपल्याला नकारही मिळालेला नाही आणि होकारही नाही, आणि नेमकी हीच स्थिती एचआरला सोयीची आहे, कारण जे नाकारलेच नाही त्याविरुद्ध आपण तक्रार तरी कशाची करणार?

म्हणून उद्या सकाळी रुग्णालयाच्या विमा कक्षाला एवढेच सांगा की टीपीएकडून लेखी क्वेरी मागवावी: कोणते कागद हवे आहेत, कोणत्या कलमाखाली हवे आहेत आणि कोणाच्या सांगण्यावरून फाइल थांबवली आहे. तोंडी सूचनेवर अडवलेली फाइल लेखी विचारल्यावर बहुधा हलते, कारण "एचआरने फोन केला होता" असे सही करून लिहून द्यायला कोणीही तयार नसतो.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगतो. खोलीच्या भाड्याची मर्यादा पाहून घ्या. पुष्कळ ग्रुप पॉलिसींत ती विमा रकमेच्या एक टक्का असते, म्हणजे आपल्याला दिवसाला ३,०००. आपण ४,००० ची खोली घेतली तर फरक रोजच्या एक हजाराचा राहत नाही. सर्जन, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह, परिचर्या या सर्व आकारांतून त्याच प्रमाणात, म्हणजे पंचवीस टक्के कपात होते. औषधे, साहित्य आणि तपासण्या यांना ही कपात लावता येत नाही, तरी लाखाच्या आकारावर पंचवीस हजार खिशातून जातात. एचआरने केलेल्या त्रासापेक्षा या खोलीने अधिक नुकसान झालेले रुग्ण मी पाहिले आहेत.

जुना_एचआरवाला (८ फेब्रुवारी)

वरील प्रतिसाद बरोबर आहे. मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण वीस वर्षे मी त्याच खुर्चीत बसलो आहे आणि असे फोन मीसुद्धा केलेले आहेत. त्याचे समर्थन करत नाही. ते का केले जातात हे कळले तर ताईंना उत्तर देणे सोपे जाईल.

समजा, कंपनीने वर्षाचा प्रीमियम ४० लाख भरला आणि जानेवारीअखेर क्लेम ४७ लाखांचे झाले, तर क्लेम रेशो ११७.५ टक्के होतो. नूतनीकरणाचे दर मागवताना विमा कंपन्या हाच आकडा पाहतात आणि हा आकडा साधारण फेब्रुवारीत पाठवला जातो. आपली १,७२,००० ची शस्त्रक्रिया त्यात ४.३ टक्क्यांची भर घालते. ब्रोकर दर महिन्याला एचआरला क्लेमचा तक्ता पाठवतो आणि त्यात कर्मचाऱ्याचे नाव, रुग्णालय आणि आजारसुद्धा लिहिलेला असतो. हा तक्ता नावे काढून पाठवता येतो, पण कोणी तसे मागत नाही. आपला अर्ज गेल्यावर दुसऱ्याच दिवशी आपल्याला बोलावणे आले, ते अशाच एखाद्या वाटेने. मग वरिष्ठ विचारतात, "हे फेब्रुवारीतच का?" आणि एचआरचा माणूस हॉलमध्ये येऊन आपल्या वहिनीची गोष्ट सांगतो.

हा हिशेब कंपनीच्याही हिताचा नसतो. एप्रिलमध्ये ढकललेला क्लेम पुढच्या वर्षाच्या रेशोत येतोच. आपल्या दृष्टीने तर थांबणे धोक्याचेच आहे, कारण वाढीव प्रीमियम टाळण्यासाठी नूतनीकरणात सर्वांत आधी अटी कापल्या जातात: को-पे (बिलाचा काही टक्के भाग रुग्णाने भरण्याची अट) लावला जातो, खोलीची मर्यादा खाली आणली जाते, पिशवी, मोतीबिंदू, गुडघे यांसारख्या ठरावीक शस्त्रक्रियांना रकमेची कमाल मर्यादा घातली जाते. आज ज्या शस्त्रक्रियेला पूर्ण १,७२,००० मिळू शकतात, तिला एप्रिलनंतर ऐंशी हजारांचीच मर्यादा लागली तर वरचे पैसे एचआर देणार आहे का? हा प्रश्न आपण त्यांना लेखी विचारावा असे मला वाटते.

माझे मत असे की पहिलेच पत्र नियामकाकडे धाडू नये. एचआरला एक शांत ईमेल पाठवा आणि त्याची प्रत वित्त विभागाच्या प्रमुखांना द्या. मजकूर एवढाच: अमुक तारखेला आपण मला शस्त्रक्रिया एप्रिलनंतर करण्यास सांगितले, माझ्या डॉक्टरांच्या मते विलंब करणे योग्य नाही, त्यांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे, सबब माझ्या प्री-ऑथवर कंपनीकडून कोणताही होल्ड नाही असे टीपीएला आज कळवावे. या प्रमाणपत्रात आजाराचा तपशील नको. "शस्त्रक्रिया वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असून पुढे ढकलू नये" हे एक वाक्य पुरेसे आहे. तोंडी हुकूम देणाऱ्या माणसाला आपलेच वाक्य लेखी स्वरूपात समोर दिसले की तो ते सहसा नाकारतो, आणि त्याने नाकारले की आपले काम झाले.

ग्राहक_चळवळ (८ फेब्रुवारी)

एचआरवाल्या सरांच्या अनुभवाचा आदर ठेवून थोडी असहमती नोंदवते. शस्त्रक्रियेला दहाच दिवस उरलेले असताना ईमेल पाठवून वाट पाहत बसणे परवडणारे नाही. विमा कंपनीकडे तक्रारही त्याच दिवशी गेली पाहिजे. टीपीएकडे दाद मागण्यात वेळ जातो. विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल तिच्या संकेतस्थळावर असतो, तिथे प्री-ऑथचा क्रमांक घालून लिहावे, आणि त्याबरोबरच नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या टोल फ्री क्रमांकावर नोंद करावी. तक्रार मालकाविरुद्ध लिहू नये. "माझ्या कॅशलेस विनंतीवर विहित वेळेत निर्णय दिलेला नाही" अशी ती विमा कंपनीविरुद्ध लिहावी. यामुळे नोकरीच्या दृष्टीनेही आपण सुरक्षित राहता, कारण त्या कागदावर एचआरचे नावही येत नाही.

ग्रुप पॉलिसीत पॉलिसीधारक मालक असतो, मग कर्मचाऱ्याला दाद मागता येते का, असा प्रश्न इथे नेहमी येतो. येते. विमा लोकपाल नियम, २०१७ मध्ये ग्रुप विम्याच्या तक्रारी धरलेल्या आहेत. आपल्या राज्यात मुंबई, पुणे आणि ठाणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत, शुल्क नाही, वकीलही लागत नाही. आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. ती फेटाळली किंवा महिनाभर उत्तरच आले नाही तर लोकपालांकडे जाता येते आणि त्यासाठी एक वर्षाची मुदत असते. भरपाईची मर्यादा आता ५० लाख आहे. १८ तारखेच्या आत लोकपालांकडून निकाल मिळणार नाही, हे उघड आहे. पण कॅशलेस अडले आणि आपल्याला पदरचे पैसे भरावे लागले तर हा मार्ग उपयोगी पडेल. कॅशलेस नाकारले म्हणजे क्लेम नाकारला असे होत नाही. सर्व मूळ बिले, डिस्चार्ज कार्ड आणि गाठींचा बायोप्सी रिपोर्ट जपून ठेवून परताव्याचा क्लेम करता येतो, मात्र दाखल होण्याची आगाऊ सूचना पॉलिसीत सांगितलेल्या वेळेत, बहुधा ४८ तास आधी, विमा कंपनीच्या ईमेलवर गेलेली असू द्या. हा क्लेम एचआरमार्फतच पाठवण्याचा आग्रह कोणी धरला तर त्याची एक प्रत विमा कंपनीला स्वतः रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये पैसे भरणाऱ्याबरोबर सेवेचा लाभ घेणाऱ्या लाभार्थ्यालाही ग्राहक मानलेले आहे, त्यामुळे जिल्हा आयोगाचा दरवाजाही दोन वर्षांपर्यंत उघडा आहे. एक जुना निकालही लक्षात ठेवण्यासारखा आहे. एलआयसीच्या पगारबचत योजनेत मालकाने हप्ता पुढे भरला नाही तेव्हा, तो हप्ता गोळा करण्यापुरता मालक हा एलआयसीचाच प्रतिनिधी ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये म्हटले. ते प्रकरण आयुर्विम्याचे होते आणि त्यात मालकाची चूक होती, हेतुपुरस्सर अडवणूक नव्हती. तरीही मालकाच्या वागणुकीचा भुर्दंड कर्मचाऱ्याने का सोसावा, हा त्यातील विचार आपल्याला लागू पडतो.

आता रिपोर्टविषयी. कंपनीच्या डॉक्टरांना सोनोग्राफी दाखवण्याचे बंधन आपल्यावर नाही, कारण तपासणी करण्याचा अधिकार विमा कंपनीला आहे आणि तिला वाटले तर ती आपला डॉक्टर पाठवेल. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांनुसार वैद्यकीय नोंदी संवेदनशील वैयक्तिक माहितीत मोडतात, आणि वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाची गुपिते उघड करण्याला डॉक्टरांवरही निर्बंध आहेत. हॉलमध्ये जे बोलले गेले ते आजच, तारीख, वेळ आणि तिथे हजर असलेल्यांची नावे यांसह, स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. अंतर्गत समितीकडे (कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या कंपनीतील समितीकडे) तक्रार करायची की नाही हे नंतर शांतपणे ठरवता येईल. त्यासाठी तीन महिन्यांची मुदत असते आणि आत्ता आपली ताकद तिथे खर्च होऊ नये.

जुना_एचआरवाला (८ फेब्रुवारी)

एकाच दिवशी दोन्ही पत्रे पाठवण्याचा मुद्दा मला मान्य आहे. तारीख इतकी जवळ आहे हे मी पुरेसे लक्षात घेतले नव्हते.

सिन्नर_घाट (९ फेब्रुवारी)

ताई, कायद्याचे मला काही कळत नाही, पण मी अशीच थांबले होते. आमच्या साहेबांनी दिवाळीनंतर करा म्हटले आणि मी मान डोलावली. ऑक्टोबरात रात्री दोन वाजता रक्तस्राव थांबेना म्हणून घाईघाईत दाखल व्हावे लागले, रक्ताच्या तीन पिशव्या चढवाव्या लागल्या आणि रुग्णालय पॅनलवरचे नसल्यामुळे सगळे पैसे आधी आम्हीच भरले. परतावा मिळायला चार महिने लागले. तारीख बदलू नका.

गुणवत्ता_नाशिक (२६ फेब्रुवारी)

घरी येऊन तीन दिवस झाले, बसून लिहिता येते म्हणून लगेच कळवत आहे.

९ तारखेला सकाळी मी दोन्ही ईमेल पाठवले. एचआरला पाठवलेल्या पत्रात मी जुन्या एचआरवाल्या सरांचा मजकूर जवळजवळ तसाच वापरला आणि एप्रिलनंतर अटी बदलल्यास फरकाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न शेवटी जोडला. दुपारपर्यंत उत्तर आले की कंपनीने कोणताही होल्ड दिलेला नाही, आपला काहीतरी गैरसमज झाला असावा. ते उत्तर मी तसेच्या तसे विमा कक्षातील मुलीला पुढे पाठवले आणि तिने ते टीपीएच्या पोर्टलवर जोडले. विमा कंपनीच्या तक्रार विभागातून संध्याकाळी फोन आला, बोलणाऱ्या बाईंनी केवळ प्री-ऑथचा क्रमांक विचारला आणि सातच्या सुमारास १,४०,००० रुपयांची प्राथमिक मंजुरी मोबाइलवर आली. शस्त्रक्रिया ठरल्या तारखेलाच झाली. मोठी गाठ डॉक्टरांनी मिस्टरांना ट्रेमध्ये दाखवली. ते अजून तिच्याविषयी बोलतात.

खोली २,८०० रुपयांची घेतली, त्यामुळे ती कपात झाली नाही. डिस्चार्जच्या दिवशी अंतिम मंजुरीला सव्वादोन तास लागले आणि हातमोजे, नोंदणी शुल्क वगैरे मिळून ५,९०० रुपये आम्हाला भरावे लागले. बायोप्सीत काही वावगे निघाले नाही.

एक शंका उरली आहे. काल एचआरकडून ईमेल आला की रजेच्या नोंदीसाठी डिस्चार्ज कार्ड आणि बायोप्सी रिपोर्ट पाठवावा. डिस्चार्ज कार्ड देणे भाग आहे का?

क्लेमडेस्क_पुणे (२६ फेब्रुवारी)

ताई, वाचून फार बरे वाटले. रजेसाठी दोनच कागद पुरतात: "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत विश्रांती आवश्यक" असे डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि कामावर परतताना फिटनेस प्रमाणपत्र. दोन्हींवर आजाराचे नाव न लिहिण्याची विनंती डॉक्टरांना करता येते. डिस्चार्ज कार्डाच्या पहिल्याच परिच्छेदात सगळा वैद्यकीय इतिहास असतो, ते घरीच ठेवा. आणि एप्रिलमध्ये नवीन पॉलिसी आली की ई-कार्डावर समाधान मानू नका, अटींची पूर्ण प्रत मागून घ्या. पिशवी नसली तरी मिस्टरांचे मूतखडे पुन्हा होऊ शकतात.

गुणवत्ता_नाशिक (२७ फेब्रुवारी)

विश्रांतीचे प्रमाणपत्र आज पाठवले. पॉलिसीच्या प्रतीची मागणीही त्याच ईमेलमध्ये केली आहे.